फ्रिजवर चिकटवलेला कागद

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे घरातले सगळे ज्यांना अब्बा म्हणतात त्यांची, गेल्या महिन्यात कोल्हापूरला अँजिओग्राफी झाली. मशिदीची चढण चढताना छाती आवळल्यासारखी होते, हे त्यांनी चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं. वाटेतल्या फणसाखाली थांबायचे आणि कुणी पाहिलं तर चपलेत खडा गेल्याचं निमित्त करायचे. शेवटी आमच्या आठवीतल्या मुलीनं विचारलं, "दादा, तुमच्या चपलेत रोज त्याच जागी खडा कसा जातो?" तेव्हा कुठे गोष्ट डॉक्टरांपर्यंत गेली.

तपासणीबद्दल आम्ही फार लिहिणार नाही. ती अर्ध्या तासात आटोपली. पेशंट जागाच असतो, जागेपुरतं बधिर करतात, नळीतून औषध सोडलं की अंगभर गरम लाट गेल्यासारखी वाटते, एवढंच अब्बांनी सांगितलं. लिहायचं आहे ते नंतरच्या सात दिवसांबद्दल. दवाखान्यात पेशंटकडे पाहायला नर्स असते, डॉक्टर असतात, भिंतीवर घंटी असते. घरी आल्यावर सगळं सासू, सून आणि एक शाळकरी मुलगी यांच्यावर येतं. आमचे मिस्टर कुवेतला. आपल्या कोकणातल्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा, कमावते हात समुद्रापलीकडे आणि म्हातारी माणसं इकडे.

हल्ली ही तपासणी बहुतेक वेळा मनगटाच्या धमनीतून करतात. 1989 साली कॅनडातल्या लुसियाँ काँपो या डॉक्टरांनी मनगटातून केलेल्या तपासण्यांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि पुढे ही पद्धत जगभर रुजली. मनगटाचा फायदा असा, की पेशंट थोड्या वेळात उठून बसतो, आणि रक्त आलंच तर ते दिसतं आणि दाबताही येतं. अब्बांच्या मनगटातली धमनी बारीक निघाली, नळी पुढे जाईना, म्हणून जांघेतून करावी लागली. जांघेची धमनी मोठी. नळी काढल्यावर नर्सनं वीसेक मिनिटं हातानं दाबून धरलं, मग सहा तास पाय सरळ ठेवून उताणं झोपवलं. अब्बांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो या सहा तासांचा. "नळी परवडली, हे निजणं नको," म्हणाले.

रिपोर्ट असा आला की एका धमनीत पन्नास टक्के आणि दुसरीत साठ टक्क्यांच्या आसपास अडथळा. डॉक्टर म्हणाले, सध्या औषधांवर ठेवू. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला सोडलं. आंबा घाटातून येताना पुढची सीट मागे झुकवली आणि पाय सरळ ठेवायला खाली उशी दिली. ड्रायव्हरला सांगून दर तासाला गाडी थांबवली. वळणावर अंग झुकलं, खोकला किंवा शिंक आली, की पट्टीवर तळहात दाबून धरायचा, एवढं नर्सनं निघताना सांगितलं होतं. ते आम्ही घाट संपेपर्यंत अब्बांना बजावत राहिलो. साखरप्याला चहा घेतला. मगरिबच्या अजानीला घरी पोहोचलो, अल्हम्दुलिल्लाह.

आता कार्डाची गोष्ट. दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्ड मिळतं. आमच्या हातात दोन पानी कार्ड आलं, सगळं इंग्रजीत, त्यातलं अर्धं आद्याक्षरांत. ते आम्ही रिपोर्टच्या पिशवीत घातलं आणि घरी आल्यावर भाकऱ्या थापायला लागलो. अब्बांच्या गोळ्या गेली बारा वर्षं अम्मी देतात. डबा त्यांच्याकडे, वेळा त्यांच्याकडे. जेवण झालं, अम्मींनी नेहमीप्रमाणे साखरेची गोळी दिली. रात्री साडेनऊला मिस्टरांचा व्हिडिओ कॉल आला, म्हणाले, "कार्ड दाखव बघू." कॅमेऱ्यासमोर धरायला कार्ड काढलं तेव्हा खालच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेली ओळ आम्ही पहिल्यांदा वाचली: मेटफॉर्मिन 48 तास बंद.

अम्मी म्हणाल्या, "मेटफॉर्मिन कुठं देतो आपण? त्यांची गोळी वेगळी आहे." स्ट्रिप आणून पाहिली. मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत दोन औषधांची नावं, त्यातलं एक मेटफॉर्मिन.

हे का सांगतात तेही लिहून ठेवतो. धमन्या क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून जे औषध सोडतात, ज्याला सगळे डाय म्हणतात, त्यात आयोडीन असतं आणि ते मूत्रपिंडांतून लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर या डायचा भार त्याला झेपत नाही. त्यात मेटफॉर्मिनही लघवीवाटेच जातं. मूत्रपिंड मंदावलं तर ते अंगात साठून रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. म्हणून ज्यांच्या मूत्रपिंडाची शंका आहे त्यांची ही गोळी दोन दिवस थांबवतात, रक्तातलं क्रिएटिनीन तपासतात आणि मग परत सुरू करतात. पाणी भरपूर प्यायला सांगतात तेही डाय बाहेर पडावा म्हणून. ज्यांना हृदयाच्या अशक्तपणामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी मात्र आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा.

दवाखान्याच्या नंबरवर फोन लावला. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई समजुतीच्या निघाल्या. अब्बांचं आधीचं क्रिएटिनीन ठीक होतं. एका गोळीनं घाबरू नका, उद्या देऊ नका, लघवी नेहमीएवढी होते का पाहा, शुक्रवारी रक्त तपासा, असं त्यांनी सांगितलं. मधल्या दिवसात साखर वाढली तर काय द्यायचं तेही सांगितलं. फोन ठेवला तेव्हा अम्मी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "बारा वर्षांत एक गोळी चुकली नाही माझी." आम्हाला काय बोलावं सुचेना. चूक त्यांची नव्हतीच. गोळ्या देणाऱ्या हातात न वाचता येणारं कार्ड दिलं गेलं होतं. आणि ज्यांना ते वाचता येत होतं, म्हणजे आम्ही बीएड झालेल्या बाई, त्यांनी ते पिशवीतून काढलंच नव्हतं.

त्या रात्री आम्ही कार्ड समोर ठेवून उर्दूत एक कागद लिहिला. अम्मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, नस्तालिक सरसर वाचतात. वर्गात फळ्यावर लिहितो तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं. डाव्या बाजूला वेळ: फजरनंतर, जुहरनंतर, इशानंतर. मध्ये गोळीचं नाव, पुढे तिचा रंग आणि ती कशासाठी आहे ते. नावाखाली त्या गोळीच्या रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा कापून चिकटवला. खाली लाल पेनानं लिहिलं: कोणती गोळी कोणत्या तारखेपर्यंत बंद. त्याखाली दवाखान्याचा नंबर आणि 108. कागद फ्रिजवर लावला. अम्मींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि एक चूक काढली. जुहरच्या गोळीचा रंग आम्ही गुलाबी लिहिला होता, ती विटकरी होती.

गुरुवारी माणसं यायला लागली. इयादत करणं सुन्नत आहे, येणाऱ्यांची नियत चांगली असते, हे सगळं मान्य. पण दुपारपर्यंत 19 माणसं येऊन गेली आणि त्यातल्या बहुतेकांचा एकच सवाल: "स्टेंट नाही टाकला? मग एवढ्या लांब कशाला गेलात?" एका नातेवाइकांनी तर दवाखाना बदला म्हणून सुचवलं. अब्बांचा चेहरा उतरायला लागला. जणू छल्ला बसला नाही म्हणजे इलाजच झाला नाही. म्हणून इथं सांगतो. अँजिओग्राफी म्हणजे बघणं, अँजिओप्लास्टी म्हणजे दुरुस्ती. बघितल्यावर दुरुस्ती करायचीच असं नसतं. 2007 साली ‘करेज’ नावाच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडातले 2,287 पेशंट त्यात होते. ज्यांचा त्रास स्थिर आहे, झटका आलेला नाही, अशांत चांगली औषधं आणि त्यासोबत स्टेंट घेणारे, आणि फक्त चांगली औषधं घेणारे, या दोघांत मृत्यू किंवा झटका यांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. झटका येत असेल तेव्हाची गोष्ट निराळी, तिथं अडथळा लगेच उघडणं जीव वाचवतं. कुणाला काय लागेल हे फिल्म पाहणारा डॉक्टर ठरवतो. ओटीवर चहा पिणाऱ्यांनी ठरवू नये.

चहावरून आठवलं. येणाऱ्यांनी प्रेमानं आणलेल्या वस्तूंत सुकं खारं मटण होतं, खारवलेला मासा होता, खीर होती. साखरेच्या आणि हृदयाच्या पेशंटसाठी! आम्ही सगळं घेतलं, शुक्रिया म्हटलं आणि शेजारी वाटलं. अब्बांना दोन दिवस तांदळाची पेज, मुगाची आमटी, भाजी आणि वाफवलेला ताजा मासा. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून रात्री इसबगोल, कारण जोर लावला की जांघेवर ताण येतो.

मुलगी मात्र पाहुण्यांपेक्षा चांगले प्रश्न विचारत होती. हृदयापर्यंत नळी घालायचं पहिल्यांदा सुचलं कुणाला? तिला वेर्नर फोर्समानची गोष्ट सांगितली. 1929 साली या पंचविशीतल्या जर्मन डॉक्टरानं स्वतःच्या दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच नळी अंगात घेऊन जिना उतरून एक्स-रे काढायला गेला. वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढलं. 1956 मध्ये त्याला नोबेल मिळालं. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांचं चित्र तर चुकून मिळालं. 1958 साली अमेरिकेत मेसन सोन्स या डॉक्टरांच्या तपासणीत नळी घसरून एका पेशंटच्या उजव्या धमनीत गेली आणि डाय तिथंच सुटला. सोन्सना वाटलं, हृदय बंद पडणार. त्यांनी पेशंटला जोरात खोकायला सांगितलं आणि तो वाचला. तेराव्या शतकात कैरोत बसून रक्त फुप्फुसांतून कसं फिरतं हे लिहिणाऱ्या इब्न अन-नफीसचं नावही तिला सांगितलं. अब्बा ऐकत होते. म्हणाले, "मला खोकायला नाही सांगितलं कुणी."

रात्रीची गोष्ट लिहायची की नाही यावर आम्ही आठवडाभर विचार केला. अब्बांना विचारलं. ते म्हणाले, "नाव घालू नको, बाकी लिही."

आपल्याकडच्या घरांत संडास भारतीय पद्धतीचा. जांघेतून नळी घातलेल्या माणसाला आठवडाभर उकिडवं बसायला मनाई. म्हणून जमातीच्या ऑफिसातून कमोडची खुर्ची आणली होती. व्हीलचेअर, वॉकर, अशा वस्तू जमात वापरायला देते, हे गावात फार जणांना माहीतही नसतं. खुर्ची अब्बांच्या खोलीत ठेवली, पडदा लावला. पण ती साफ कोण करणार? अम्मींच्या गुडघ्यांमुळे ते काम आमच्याकडेच येणार हे उघड होतं, आणि सुनेनं आपली घाण उचलावी हे अब्बांना सोसवेना. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. गुरुवारी रात्री, म्हणजे शुक्रवारच्या पहाटे, ते कुणाला न उठवता मागच्या संडासात गेले. तिथं उकिडवे बसले. मग न्हाणीत पाटावर खाली बसून पाय धुऊन वुजू केलं.

आम्हाला हाक आली तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. अब्बा पलंगाच्या कडेला उभे, लुंगीवर हातभर रक्त, आणि पट्टीखाली लिंबाएवढी गाठ. आधी त्यांना उताणं झोपवलं, पाय सरळ केला. कार्डावर लिहिलं होतं तसं जागेवर घट्ट दाबायला हवं होतं. आम्ही पुढे झालो तर अब्बांनी हात आडवा केला. "तू बाहेर जा. अम्मीला पाठव." अम्मी आल्या, स्वच्छ कापडाची घडी ठेवून दाबायला लागल्या. पण त्यांची बोटं संधिवाताची. तीन मिनिटांत हात थरथरायला लागले आणि कडेनं रक्त परत दिसलं. दाब सोडून सारखं पाहत राहिलं तर रक्त थांबत नाही, हे आम्हाला माहीत होतं. अम्मींचे हात तसेच राहू दिले आणि त्यांच्या हातांवर आमचे हात ठेवून अंगाचा भार दिला. अब्बांनी डोळे मिटून घेतले. मुलीला घड्याळ धरायला लावलं होतं, ती दर मिनिटाला आकडा सांगत होती आणि तिचा आवाज चिरकत होता. दहापर्यंत हललो नाही. मग हळूच पाहिलं, रक्त थांबलं होतं. तरी आणखी दहा मिनिटं तसंच धरलं.

दवाखान्यात फोन केला. त्यांनी विचारलं: गाठ वाढतेय का? त्या बाजूचं पाऊल थंड, पांढरं किंवा बधिर पडलंय का? चक्कर, घाम, कमरेत दुखणं? यातलं काही नव्हतं. परत रक्त सुटलं तर दाबून धरा आणि थेट 108 बोलवा, नाहीतर उजाडताच झोपवून जवळच्या दवाखान्यात न्या, असं सांगितलं. कुवेतला तेव्हा रात्रीचे अडीच. मिस्टरांना फोन करायचा की नाही? नाही केला. सकाळी सांगितलं तर रागावले, आणि त्यांचं रागावणं बरोबर होतं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी गाठीवर स्टेथोस्कोप लावून ऐकलं, पावलाची नाडी पाहिली. धमनीला फुगा आला नाही ना हे पाहायला रत्नागिरीला सोनोग्राफी करवली. फुगा नव्हता, त्वचेखाली रक्त साकळलं होतं तेवढंच. क्रिएटिनीनही ठीक आलं. त्या दिवशी जुमा चुकला म्हणून अब्बा हळहळत होते. संध्याकाळी इमामसाहेब भेटायला आले. आजाऱ्याला जुमा माफ आहे, नमाज खुर्चीवर बसून इशाऱ्यानं होते, पट्टी भिजवायची नसेल तर तिच्यावरून ओला हात फिरवला की पुरे, हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. आम्ही दोन दिवस हेच सांगत होतो, पण ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर अब्बांना पटलं. चालायचंच.

इमामसाहेब गेल्यावर अब्बांनी आम्हाला बोलावलं. खुर्चीकडे बोट करून म्हणाले, "ही इथंच राहू दे. बादली मात्र झाकून नेत जा." पुढचे पाच दिवस ते तीच वापरत होते. आम्ही बादली झाकून नेत होतो. यावर आमच्यात परत बोलणं झालं नाही.

जांघ पहिल्यांदा काळीनिळी होती, मग हिरवट झाली, मग पिवळी पडत गुडघ्याच्या दिशेनं उतरली. अम्मी घाबरल्या, पण साकळलेलं रक्त असंच उतरतं आणि दोनेक आठवड्यांत जिरतं. गाठ लहान होत जाते ना, एवढं पाहायचं. ताप, पू किंवा जागा गरम लागणं असेल तर थांबायचं नाही. ज्यांची मनगटातून झाली असेल त्यांना उकिडवं बसायची अडचण नसते, पण काही दिवस त्या हातानं कळशी उचलायची नाही, पीठ मळायचं नाही, सज्द्यातून उठताना तळहातावर भार द्यायचा नाही. हे शेवटचं कोणत्याच कार्डावर छापलेलं नसतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मनगटाला तसंच करून सूज आली होती.

आठव्या दिवशी अब्बा अंगणात फिरले, दहाव्या दिवशी फणसापर्यंत. चढण अजून नाही. नवीन गोळ्यांनी छाती आवळणं कमी झालंय, असं ते म्हणतात. चपलेतल्या खड्याचा अनुभव असल्यामुळे मुलगी बरोबर जाते.

खुर्ची धुऊन जमातीत परत दिली. तिथं कळलं की खालच्या मोहल्ल्यातल्या एक खाला पुढच्या मंगळवारी कोल्हापूरला चालल्यात, याच तपासणीला. त्यांचा मुलगा संध्याकाळी घरी आला, खुर्चीबद्दल विचारायला. फ्रिजवरचा कागद पाहून म्हणाला, "असा एक आम्हाला लिहून द्याल का? आई उर्दू वाचते, बायको मराठी." रात्री दोन्ही लिहून दिले. गोळ्यांची नावं त्यांची वेगळी असणार, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली.